दौडीचा बंदोबस्त

आमच्या जिल्ह्यातली पहिली आणि माझ्या माहितीप्रमाणे शेवटची लांब पल्ल्याची सरकारी शर्यत दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत झाली. तिच्या कमिटीवर मी होतो. मला उर्दू लिहिता-वाचता येत होतं आणि माझ्याकडं सायकल होती, एवढ्या दोन गुणांवर माझी निवड झाली. माझा धाकटा भाऊ त्या शर्यतीत पळणार आहे, हे मी कमिटीला पहिल्याच दिवशी सांगितलं. कुणी आक्षेप घेतला नाही. पळणाऱ्यांचा आणि कमिटीचा काही संबंध असतो अशी कुणाची कल्पनाच नव्हती.

शर्यतीची कल्पना जिल्ह्यात नव्यानं आलेल्या एका बड्या अंमलदारांची. परदेशातल्या मोठाल्या शहरांत लोक सव्वीस-सव्वीस मैल पळतात असं त्यांनी इंग्रजी पेपरात वाचलं होतं. निजाम हुजुरांची सालगिरह, म्हणजे वाढदिवस, जवळ आली होती आणि दरवर्षीच्या मुशायऱ्याला साहेब कंटाळले होते. सव्वीस मैल सलग मोटार जाईल असा रस्ता कुठं आहे, एवढंच त्यांच्या कचेरीतल्या पेशकारांनी अदबीनं विचारलं आणि शर्यत तुळजापूर ते धाराशिव एवढीच, पंधराएक मैलांची, आखली गेली. कागदावर अर्थात उस्मानाबाद. धाराशिव हे नाव त्या काळी फक्त तोंडी वापरायचं होतं.

साहेब तिला मॅरेथॉन म्हणत. पहिल्या बैठकीला पोलीस खात्याचे एक गृहस्थ होते. त्यांनी तो शब्द दोनदा म्हणवून घेतला आणि विचारलं, "इस में मराठों का क्या काम है?" साहेब हसले. दुसऱ्या दिवशी मात्र चिठ्ठी आली की तो शब्द कुठंही वापरू नये, गैरसमज होतो. दिवसच तसे होते. चार माणसं एका दिशेनं चालली तरी त्यांची चौकशी व्हायची, इथं तर चाळीसेक माणसं पळणार होती. म्हणून साधा, निरुपद्रवी, कुणालाही कळेल असा शब्द निवडला गेला: दौड.

भावाबद्दल थोडं सांगायला हवं. तो विशीतला, अंगानं काटक, हुतूतूत कुणाच्या हाती न लागणारा. रोज पहाटे हातलाईच्या टेकडीला वळसा घालून यायचा आणि मग न्याहारीला बसायचा. शाळेत मात्र उर्दूनं त्याला धरून ठेवलं होतं. बाकी विषय सुटत, उर्दूत तो पुन्हा पुन्हा नापास होई. घरात मी उर्दूतून भूगोल शिकवणारा मास्तर आणि सख्ख्या भावाला अलिफ-बेच्या पुढची ओळ सरळ वाचता येत नव्हती. उर्दूशिवाय आमच्या मुलखात सरकारी नोकरी नव्हती, आणि नोकरीशिवाय त्याचं लग्न नव्हतं.

लग्नाचं असं होतं. तुळजापूरच्या वाटेवरच्या एका गावच्या पोलीस पाटलांची मुलगी आम्ही पाहिली होती. आमच्यातलेच, वीरशैव, घर चांगलं. मुलगी भावाला आवडली होती आणि तिलाही तो आवडला असावा, कारण दुसऱ्या वेळी आम्ही गेलो तेव्हा पोहे जास्त होते. पाटलांनी स्पष्ट सांगितलं होतं, "पोरगं सोन्यावानी हाय, मास्तर. पर माझी पोरगी नोकरदाराच्या घरी द्यायची, ह्यो माझा शब्द हाय. नोकरी लागू द्या, दुसऱ्या दिशी सुपारी फोडू. ह्या वैशाखापत्तोर थांबतो. त्याच्यापुढं पोरीला घरी ठेवता यायची न्हाय." वाईट माणूस नव्हता. त्याच्या जागी मी असतो तर वैशाखापर्यंतही थांबलो नसतो.

आणि साहेबांनी जाहीर केलं की जो पहिला येईल त्याला करोडगिरीच्या नाक्यावर शिपायाची जागा मिळेल. सोलापूरकडून, म्हणजे इंग्रजी हद्दीतून येणाऱ्या मालावर जकात घेणारं हे खातं. तिथं पळणारा माणूस उपयोगी पडेल असा साहेबांचा विचार. भावानं ते ऐकलं आणि त्या रात्री तो जेवताना एकदम म्हणाला, "दादा, उर्दू नसलेली सरकारी परीक्षा ही पहिलीच."

कमिटीच्या बैठका कचेरीच्या बागेत होत. पहिल्या बैठकीत खुर्च्यांचा प्रश्न निघाला आणि तो शेवटपर्यंत टिकला. कोण कुठं बसणार, गाद्यांच्या किती, नुसत्या किती, आणि वकीलसाहेबांची खुर्ची डॉक्टरसाहेबांच्या पुढं की मागं. दोन कमानी ठरल्या. बँड ठरला. सोलापूरचा फोटोग्राफर ठरला. मखमलीच्या गादीवर ठेवायचं पदक ठरलं, आणि मग गादीचा रंग. मी एकदा मध्येच म्हणालो, की फाल्गुनातलं ऊन आहे, पळणाऱ्यांना वाटेत पाणी लागेल. सगळ्यांनी माझ्याकडं कौतुकानं पाहिलं. पेशकार म्हणाले, "वाह मास्तरसाब! पानी तो जरूर होना. हर गाँव में होना." आणि लगेच हुकूम निघाला: वाटेवरच्या प्रत्येक गावी दवंडी द्यावी की दौड येणार आहे, रस्ता मोकळा ठेवावा, कुणी आडवं येऊ नये, थंड पाण्याचा बंदोबस्त असावा. मला त्या हुकमात काही खोट दिसली नाही. आजही दिसत नाही. जगातल्या कुठल्याही शहराला शोभेल असा तो बंदोबस्त होता.

शर्यतीच्या दिवशी पळणाऱ्यांना पहाटेच तुळजापुरात उभं केलं होतं. छातीवर पांढऱ्या फडक्यावर उर्दू आकडा. फोटोसाठी उंचीप्रमाणे रांगा लावल्या. मग फोटोग्राफरला ऊन पुरेसं वाटेना म्हणून थांबले, आणि ऊन पुरेसं झालं तेव्हा साहेब आले नव्हते. साहेब आले, देवळाच्या बाजूला तोंड करून उभं राहावं की पाठ करून यावर थोडी कुजबुज झाली, भाषण झालं, आणि निशाण पडलं तेव्हा माणसांच्या सावल्या पायाशी गोळा होऊ लागल्या होत्या. पळणारे गेले. साहेब नाश्त्याला बसले. ठरलेलं असं होतं की साहेबांची मोटार मागून निघेल, पळणाऱ्यांना पाहत पाहत पुढं जाईल आणि धाराशिवात शामियान्यात त्यांचं स्वागत करील.

मला सायकलवरून पहिल्या माणसाबरोबर राहायचं काम होतं. पुढं तो पहिला माणूस माझा भाऊच ठरला. पहिलं गाव येईपर्यंत तो घोळक्यातच होता, आणि त्या गावात तीस-चाळीस माणसं एकदम धावत आल्यामुळं कुणाला काही करायचं सुचलं नाही. वेशीपाशी मांडलेल्या रांजणांकडं काहीजण वळले. एक राखणदार काठी घेऊन आडवा झाला आणि ओरडू लागला. मला वाटलं, रांग लावायला सांगतोय. भाऊ थांबलाच नाही. त्यापुढच्या चढावर त्यानं सगळ्यांना मागं टाकलं आणि मलाही. सायकलच्या मागच्या चाकाला ठिगळांवर ठिगळं होती. लढाईमुळं ट्यूब मिळत नव्हती. मी उतरून ढकलू लागलो. तो वळणाआड गेला तेव्हा त्याच्या मागं कुणी दिसत नव्हतं. मी मनातल्या मनात सुपारी फोडून मोकळा झालो.

पाटलांचं गाव त्या चढापलीकडं. मी पोचलो तर रस्ता शेणानं सारवल्यासारखा स्वच्छ, पाणी शिंपडलेलं, वेशीला आंब्याचे डहाळे. रस्त्यावर चिटपाखरू नाही. गाव भिंतींच्या आडून बघत होतं. लिंबाच्या झाडाखाली नव्याकोऱ्या रांजणांची ओळ, तोंडाला ओली फडकी. आणि शेजारी घोंगडीवर माझा भाऊ बसला होता. त्याचं मनगट पाटलांच्या हातात होतं. पाटलांनी ठेवणीतला फेटा बांधला होता आणि छातीला सरकारी बिल्ला होता.

"शरणार्थ, मास्तर," पाटील म्हणाले. "या, बसा सावलीला. जावईबापू लई दमलेत."

जावईबापू हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच वापरला होता. भावानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "पाटील, सोडा त्याला. त्याला पुढं जायचंय."

"जाऊ द्या की. म्या कुठं न्हाय म्हंतो? दौरा हिकडनं गेला की खुशाल जाऊ द्या."

"कसला दौरा?"

"आता बगा! साऱ्या मुलखाला ठावं हाय आन् मास्तरलाच ठावं न्हाय. साहेबाचा दौरा. चार दिसामागं दवंडी दिली. दौरा येनार हाय, रस्ता साफ ठिवा, कुनी आडवं येऊ नका, थंड पानी भरून ठिवा."

साहेब लोकांचे दौरे म्हणजे काय हे आमच्या खेड्यांना कुणी शिकवायला नको होतं. दौरा यायचा म्हणजे कोंबड्या, अंडी, दूध, गवत, लाकूड तयार ठेवायचं. वेठीला माणसं काढायची. आणि मोटार दिसेपर्यंत रस्त्यावर कुत्रंसुद्धा येऊ द्यायचं नाही. मागं एकदा कुणाची तरी बैलगाडी मोटारीच्या आडवी आली होती, तर गाडीवानाला तिथंच रस्त्यावर फटके बसले होते आणि बिल्ला काढून घेईन अशी तंबी पाटलांना मिळाली होती. हे सारं मला ठाऊक होतं. दवंडी देणाऱ्यानं 'दौड' असाच शब्द उच्चारला असणार. पण आमच्या भागात तो आजवर कुणी सरकारच्या तोंडून ऐकला नव्हता, आणि ओळखीचा शब्द त्याच्या अगदी शेजारी बसलेला होता.

"पाटील, दौरा नव्हे. दौड. ड."

"त्येच म्हंतोय म्या. दौरा."

"ड, पाटील! डबा, डमरू, डोंगर!"

"मास्तर, तुमी शाळंत शिकीवता त्ये ठीक हाय," पाटील शांतपणे म्हणाले. "हितं हुकूम हाय."

भाऊ म्हणाला, "मामा, ती दौड म्हणजे मीच. आम्ही पळणारेच. पाणीसुद्धा आमच्यासाठीच ठेवायला सांगितलंय."

हे ऐकून पाटलांना खरोखर हसू आलं. भिंतीआडूनही हसू फुटलं. "उनानं डोकं फिरलंय बगा," पाटील म्हणाले. "तुमच्यासाठी रांजन? वाळा घातलाय त्यात, वाळा! गाळून भरलंय. साहेबाबिगर हात लावला तर माझी पाटीलकी जाईल. थांबा, तुमाला घरचं ताक मागीवतो."

"नको मामा, मी पळतो कसाबसा."

"कुठं पळता? म्होरं मोठा रस्ता हाय, मागनं मोटार आली, शिपायानं चाबूक वडला, तर म्या काय तोंड दावू घरात? माझ्या शिवंत माझ्या जावयाला फटके?" आणि त्यांनी मनगटावरची पकड जरा घट्ट केली.

ती पकड मला अजून दिसते. भावानं एक झटका दिला असता तर पाटलांच्या हातात काही राहिलं नसतं. हुतूतूत त्यानं असे किती हात सोडवले होते. पण भर गावासमोर, फेटा बांधलेल्या, बिल्ला लावलेल्या सासऱ्याचा हात झटकून पळालेल्या पोराला कुणी मुलगी देत नाही. आणि हात न झटकावा तर नोकरी जाते. नोकरी गेली की मुलगी गेलीच. तो माझ्याकडं बघत होता. मी थोरला, शिकलेला, कमिटीचा मेंबर. मी कमिटीची चिठ्ठी काढून दाखवली. ती उर्दूत होती. पाटलांनी ती कपाळाला लावली आणि परत दिली.

घरातून ताक आलं. पितळी तांब्या घेऊन पाटलीणबाई स्वतः आल्या आणि पदर सावरून दूर उभ्या राहिल्या. दारामागं बांगड्या वाजल्या. नाही म्हणायची सोय नव्हती. भावानं तांब्या रिकामा केला, तो पुन्हा भरून आला, तोही त्यानं रिकामा केला.

तेवढ्यात रस्त्यावर एक माणूस पळत येताना दिसला. पोलीस शिपाई होता, तोही शर्यतीतला. खात्यातर्फे उतरला होता, म्हणून खाकी चड्डी आणि खाकी सदरा घालून पळत होता. त्याला पाहताच पाटील ताडकन उठले. भावाचं मनगट काही सोडलं नाही. दुसऱ्या हातानं सलाम केला. "दौऱ्याचा म्होरचा मानूस," ते माझ्या कानात म्हणाले. राखणदारानं रांजणाचं फडकं काढलं, वाळ्याचं पाणी भरून पेला पुढं केला. शिपाई प्याला, उरलेलं डोक्यावर ओतलं, आणि गेला. त्याची काही लबाडी नव्हती. त्याला वाटलं असेल, किती छान व्यवस्था ठेवलीय.

"पाटील, तो पळणाराच होता!" मी ओरडलो.

"व्हय की. दौऱ्याच्या म्होरं पळावंच लागतंय त्यास्नी."

त्यानंतर बाकीचे आले. आले म्हणजे वेशीपर्यंत आले. पाटलांच्या माणसांनी काठ्या आडव्या धरल्या तसे ते शहाणपणानं रस्ता सोडून खाली उतरले आणि कापलेल्या ज्वारीच्या धसकटातून, पाय रक्ताळत, गावाला वळसा घालून गेले. त्यांना अडवणाऱ्यांत सासरा नव्हता. भाऊ त्यांच्या पाठी दिसेनाशा होईपर्यंत बघत राहिला. मी सायकलवरून मागं जाऊन मोटार कुठं आहे ते बघून येतो म्हणालो, आणि सायकलपाशी गेलो तर मागचं चाक बसलेलं होतं.

साहेबांचा नाश्ता कधीतरी संपला असावा. धुरळा दिसला. पाटील, राखणदार, भिंतीआडचं गाव, सगळे वाकले. मोटार थांबली. साहेबांनी एक पेला पाणी घेतलं, "बहुत खूब" म्हणाले, लिंबाखाली उभ्या असलेल्या छातीवर आकडा लावलेल्या तरुणाकडं पाहून हात हलवला आणि म्हणाले, "शाबास! आराम कर रहे हो?" मोटारीत डॉक्टर होते, औषधांची पेटी होती, आणि पाय ठेवायला ती पेटी सोयीची होती. मी तोंड उघडेपर्यंत मोटार सुटली.

आता पाटलांनी मनगट सोडलं. पाठीवर हात ठेवून म्हणाले, "जावा आता बिनघोर."

भाऊ पळाला. मोटारीच्या धुरळ्यात, पोटात दोन तांबे ताक घेऊन. मी सायकल हातात धरून चालत गेलो, त्यामुळं शेवट मी पाहिला नाही, नंतर ऐकला. धाराशिवात रस्त्याला रेशमी फीत बांधली होती. मोटार सगळ्यांच्या आधी आली. फीत दिसली की कात्री द्यायची एवढी सवय चपराश्यांना होती, त्यांनी कात्री दिली. साहेबांनी फीत कापली, बँड वाजला. नंतर शिपाई आला तेव्हा कापायला काही उरलं नव्हतं. भाऊ बराच मागं आला. वाटेत दोनदा ओकला होता.

मी शामियान्यापाशी पोचलो तेव्हा साहेबांचं भाषण चाललं होतं. पळणाऱ्यांच्या सोयीत कुठंही कमतरता राहिली नाही, ते सांगत होते. प्रत्येक गावी वाळा घातलेलं थंडगार पाणी होतं. आपण स्वतः ते चाखून पाहिलं. रस्ता इतका मोकळा, की कोंबडीसुद्धा आडवी आली नाही. थकलेल्यांना झाडाखाली बसवून ताक दिलं जात होतं, हेही आपण डोळ्यांनी पाहिलं. टाळ्या झाल्या. त्यांनी सांगितलेलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

शिपायाला पदक मिळालं. नोकरी त्याला आधीच होती, म्हणून नाक्यावरची जागा पुढच्या वर्षीच्या दौडीसाठी राखून ठेवली. मी पेशकारांना कचेरीत जाऊन भेटलो, घडलेलं सगळं सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं, चहा पाजला, आणि म्हणाले, "मास्तरसाब, बात तो सही है. लेकिन शिकायत किसकी लिखूँ? पटेल ने तो हुक्म माना." मी विचार केला. मलाही कुणाचं नाव सुचेना. पुढच्या वर्षी साहेबांची बदली झाली आणि दौड बंद पडली.

होळी झाल्यावर एका दुपारी पाटील आमच्या घरी आले, उन्हातून चालत. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले. मग फेटा काढून मांडीवर ठेवला.

"मास्तर, त्या दिशी म्या धरलं नसतं तर पोरगं पैलं आलं असतं. आता समद्यांनी सांगितलंय मला. कळलंय."

"मग?" मी म्हणालो.

"मग काय? नोकरी कुठंय?"

"तुमच्यामुळं गेली ना ती, पाटील!"

"व्हय. माझ्यामुळंच गेली. न्हाय कुठं म्हंतोय?" त्यांचे डोळे भरले होते. "पर गेली न्हवं. शब्द द्येऊन बसलोय भावकीत, नोकरदाराशिवाय द्येनार न्हाय म्हनून. त्या तिकडं एक स्थळ आलंय, कचेरीत चपराशी हाय. आता म्या काय करू ते तुमीच सांगा."

भाऊ उंबऱ्यात उभा होता. पाटील त्याच्याकडं न बघता म्हणाले, "येक इचारू का? दौड म्हंजे नेमकं काय म्हनायचं ते? कुनी मागं लागलं न्हाय, काई हरवलं न्हाय, आन् मान्सं नुसती पळत्यात?"

"नुसती पळतात," भाऊ म्हणाला. "जो पुढं जाईल तो जिंकतो."

पाटलांनी मांडीवरचा फेटा हातात घेतला. "आन् मधी कुनी धरायचं नस्तं."

"नसतं."

"मग चुकलंच," ते म्हणाले, आणि फेटा बांधू लागले.

भाऊ त्यांना वेशीपर्यंत पोचवायला गेला. मी म्हटलं, कशाला जातोस. तो म्हणाला, ऊन आहे, म्हातारा माणूस आहे. परत आला तेव्हा सूर्य कलला होता. त्यानं हातपाय धुतले, आणि इंग्रजी हद्दीत नोकरीला उर्दू लागत नाही ना, सोलापूरची मोटार सकाळी किती वाजता सुटते, असं मला विचारलं.